लाइनच्या मधली बाई

कुसुमआत्या घरात बोलत असली तरी मधेच तिचा ड्यूटीवरचा आवाज निघायचा. आई पातेलं घेऊन उभी राहायची, "वन्सं, वरण वाढू का?" असं विचारायची, आणि आत्या ताटावर बसल्या बसल्या म्हणायची, "होल्ड कीजिए." मग तिचं तिलाच हसू फुटायचं. ती माझ्या बाबांची धाकटी बहीण, उज्जैनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी नव्याने विचारलंच, तर "लाइन बिझी होती" एवढं सांगून मोकळी व्हायची. आमचं घर देवास गेटपाशी, एका शेवेच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी सहालाच खाली बेसनाचा घाणा सुरू व्हायचा, लवंग आणि हिंगाचा वास जिना चढून वर यायचा, आणि बस स्टँडवरून कंडक्टरांचे आवाज, "देवास-देवास-इंदौर, चलो बैठो!" बाबा शाळेत गणित शिकवायचे, त्यांना त्या गोंगाटात पेपर तपासता येत नसत, म्हणून ते कानात कापूस घालून बसत. आत्याला मात्र तो गोंगाट आवडायचा. ती म्हणायची, "आवाज वेगवेगळे ओळखता आले ना, तर तो गोंगाट राहत नाही."

आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं की तेव्हा आमच्या गावातल्या फोनला आकडे फिरवायची चकतीच नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमध्ये एका उंच बोर्डावर बारीकसा दिवा लागायचा. समोर बसलेली बाई एक दोरी त्या दिव्याखालच्या भोकात खोचायची आणि विचारायची, "नंबर प्लीज." तुम्ही सांगाल त्या नंबरच्या भोकात दुसरी दोरी खोचली की तिकडे घंटा वाजायची. परगावचा फोन असेल तर तो आधी बुक करायचा, मग घरात सगळ्यांनी फोनभोवती बसून राहायचं, दोन तास, चार तास, कधी अख्खा दिवस. आणि लागला की तीन मिनिटं. आमच्या घरी फोन नव्हता. तरीही सगळ्या गावाचे फोन आमच्या घरातल्या एका माणसाच्या हातून जातात, या गोष्टीचा मला लहानपणापासून एक छुपा अभिमान होता. मी अनेकदा तिला डबा द्यायला जायची. फाटकावरचा पहारेकरी डबा आत न्यायचा, मला कधीच जाऊ द्यायचा नाही. आतून बायकांच्या आवाजांची एक सलग गुणगुण ऐकू यायची, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभं राहिल्यासारखी.

बी.ए. झाल्यावर मी एम.ए.ला मराठी घेतलं तेव्हा बाबा चिडले नाहीत, त्यांनी फक्त सुस्कारा सोडला. "गोष्टी वाचून काय समजणार आहे तुला?" ते म्हणाले. "जग पुढे चाललंय शुभा. मशीनचा जमाना आहे." मला गोष्टी वाचायला आवडायचं, बस.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला चिटणीस मॅडमनी दिलं. त्या आमच्या विभागात आधुनिक साहित्य शिकवायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, करड्या सुती साड्या नेसणाऱ्या, आणि उज्जैनमध्ये त्या वेळी स्कूटर चालवणाऱ्या बहुतेक एकट्याच बाई. त्यांचे पूर्वज दरबारात दफ्तर सांभाळायला इकडे आले होते म्हणे, आणि मॅडमचं मराठीही आमच्यासारखंच, निम्मं हिंदीत न्हालेलं. वर्गात आम्ही सहा जण. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक उघडायच्या आधी विचारलं, "आधुनिक म्हणजे काय?" कोणी म्हणालं एकटेपणा, कोणी म्हणालं शहर, कोणी म्हणालं देवावरचा विश्वास उडणं. मॅडमनी मान हलवली. "बरोबर आहे, पर हे सगळं आलं कशावर बसून? आगगाडीवर बसून आलं ना? छापखान्यातून आलं, गिरणीतून आलं, विजेच्या तारेवरून आलं. लेखक हृदयाबद्दल लिहितो तेव्हा त्याच्या टेबलावर दिवा कुठला आहे, ते बघा. गोष्टीत मशीन कुठे आहे, आणि ते कोण चालवतंय, एवढं प्रत्येक वेळी विचारायचं. न चुकता." मी ते वहीत लिहिलं नाही, कारण लिहायची गरजच पडली नाही. घरी जाताना रस्ताभर मला टांगे, बस, पिठाची गिरणी, टॉवरवरचं घड्याळ, सगळं एखाद्या गोष्टीत ठेवल्यासारखं दिसत होतं आणि प्रत्येकाच्या मागे कोण आहे हे बघायला मी मान वाकडी करत चालले होते.

मग एक दिवस वर्गात एक कथा आली. तिचं नाव सांगत नाही, कारण तिच्यापेक्षा तिच्यावरून झालेलं भांडण मला महत्त्वाचं. एका शहरातला तरुण आपल्या दूरच्या गावी राहणाऱ्या वडिलांना फोन करतो, दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नाही, आणि फोन संपतो. एवढीच कथा. सुंदर होती. वर्गात सगळे नात्यांबद्दल, तुटलेपणाबद्दल बोलत होते, आणि माझ्या मनात मात्र काहीतरी खुपत होतं. मी पुन्हा पहिलं पान काढलं. "त्यानं फोन लावला." तीनच शब्द. मी हात वर न करताच बोलले, "मॅडम, फोन असा लागतच नाही!"

सगळे वळले.

"म्हणजे?"

"त्यानं बुक केला असेल ना? कोणीतरी नंबर विचारला असेल, त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारली असेल, दोघांना जोडलं असेल. तीन मिनिटं झाली म्हणून सांगितलं असेल. हे दोघं गप्प बसले होते तेव्हा ती बाई लाइनवर होती मॅडम. लेखकानं तिला काढून टाकलंय. किंवा त्याला ती दिसलीच नाही."

मॅडम खुर्चीतून उठल्या. खडू हातात होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला, परत उचलला. "शुभा," त्या म्हणाल्या, "हेच. यावर लिही. लघुप्रबंध यावरच कर." त्यांचे डोळे चमकत होते. आजही कुठल्या विद्यार्थ्याच्या तोंडून काही अनपेक्षित निघालं की मी त्याच क्षणी तशी उठून उभी राहते, गुडघे दुखतात तरी.

पुढचे तीन महिने मी वेड लागल्यासारखी वाचत होते. वाचनालयातून कथासंग्रह आणि कादंबऱ्या पिशवी भरून आणायच्या आणि त्यांत फोन शोधायचा. फोन सापडला की आगगाडी, मग विजेचा दिवा, मग टाइपरायटर. एक गंमत दिसायला लागली. गाडी स्टेशनात येते, पण इंजिनातला माणूस कोणाला दिसत नाही. पत्र टाइप होऊन येतं, ते टाइप करणारीला नाव नसतं. शहरात दिवे लागतात, ते आपोआप. लेखक मशीनला घाबरतात, मशीनवर रागावतात, मशीन माणसाला गिळेल असं लिहितात, आणि मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र विसरून जातात. मी जेवताना हे सगळं बडबडत असायची. आई भाजी वाढता वाढता थांबून ऐकायची. बाबांनीसुद्धा एकदा कानातला कापूस काढला.

त्याच दिवसांत गावात बातमी होती की ऑटोमॅटिक एक्स्चेंज येतंय. फोनला चकती लागणार, नंबर आपणच फिरवायचा, मधे कोणी बोलणार नाही. माझ्या प्रबंधाला जसा काही शेवटच मिळाला. मी मोठ्या आवेशात लिहिलं की ही मधली बाई साहित्यात कधीच नव्हती, आणि आता ती जगातूनही नाहीशी होणार. मला स्वतःचंच वाक्य वाचून रडू आलं होतं. वय एकवीस.

आत्या मला हवं ते सांगायची, पण ठरावीकच. दोऱ्यांचे रंग, हेडफोनने कानामागे पडणारे घट्टे, दिवाळीत एकाच वेळी लागणारे दिवे, उन्हाळ्यात टेबलाखाली पाय ठेवायला पाण्याची बादली. लोक काय बोलतात, हे विचारलं की तिचा चेहरा बंद व्हायचा. "ते नाही." बस, एवढंच. मात्र खूप वर्षांपूर्वी, मी शाळेत असताना तिला एकदा सडकून ताप आला होता. आई तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती, मी पायाशी बसले होते, आणि आत्या आपल्याच तंद्रीत एका बाईबद्दल बोलत होती. ती बाई दर सोमवारी मुंबईच्या एका कारखान्यात फोन बुक करायची, नवऱ्याला बोलवा म्हणायची. नवरा ती जागा सोडून केव्हाच गेला होता. तिकडचा कारकून दर वेळी सांगायचा, "बाहर गए हैं." ती म्हणायची, "अच्छा, फिर करूँगी." आत्याला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या, आणि तिला तोंड उघडायची परवानगी नव्हती. ते मी विसरले नव्हते. ते मी प्रबंधात घातलं. नाव नाही, गाव नाही, पण बाकी सगळं, तिच्या शब्दांसकट. तेच माझं सगळ्यात चांगलं पान होतं.

विभागाचं चर्चासत्र ठरलं. इंदूर-भोपाळहून प्राध्यापक येणार होते आणि मॅडमनी माझा निबंध ठेवला होता. आदल्या संध्याकाळी मी तो आत्याच्या हातात दिला. तिला खूश करायचं होतं मला. ती खिडकीपाशी बसली, चष्मा लावला, खालून भजी तळल्याचा वास येत होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते. पहिल्या पानांवर ती हसली, एकदा "वा गं" म्हणाली. मग ते पान आलं. तिनं ते वाचलं, कागद मांडीवर पालथे ठेवले.

"हे तुला मी सांगितलं?"

"तुला ताप होता तेव्हा..."

"म्हणजे मी बोलले." तिनं चष्मा काढला. "काढून टाक हे."

"नाव कुठे लिहिलंय आत्या? कोणालाच कळणार नाही."

"तिला कळेल."

"ती कुठे येणार आहे सेमिनारला!"

"शुभा, ती बाई याच गावात राहते. तुला दिसते. मी सांगणार नाही कोण ते. उद्या हे कुठे छापून आलं, तिच्या मुलीनं वाचलं, तर? ती माझ्याशी बोलत नव्हती गं. तिला माहीतच नव्हतं की मी आहे. मी तिथे होते ते फक्त जोडायला." तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला झेपत नव्हतं. "तुला वाटतं लेखकांना मधली बाई दिसली नाही. बरोबर आहे तुझं. पर तुला ती दिसली आणि तू काय केलंस? तिचा कान चोरलास."

मी वाद घातला. अजून लाज वाटते, पण घातला. साहित्य असंच होतं, खऱ्याशिवाय लिहिताच येत नाही, हे पान काढलं तर निबंधात काही उरत नाही, असं सगळं बोलले. ती उठून आत गेली. जेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि आईनं वरण वाढू का विचारलं तेव्हा "होल्ड कीजिए"ही म्हणाली नाही.

सकाळी उजाडताच मी सायकल काढली आणि नानाखेड्याच्या बाजूला मॅडमच्या घरी गेले. तेव्हा तिथे घरं थोडी आणि शेतं जास्त. मॅडम अंगणात स्कूटर पुसत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी मला आत नेलं, पोह्यांची बशी दिली, वर शेव घातली, आणि मी घास घेतल्यावर मगच विचारलं.

"पान आणलंस?"

मी दिलं. त्यांनी वाचलं. "छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या, आणि पान मला परत दिलं. "म्हणूनच जास्त वाईट आहे. माझीही चूक आहे. मशीन कोण चालवतंय ते विचारा, एवढंच मी तुम्हाला सांगितलं. त्या माणसाला विचारून घ्या, हे सांगायला पाहिजे होतं."

"आता मी काय वाचू?"

"तू नको वाचूस. आत्यांची ड्यूटी कधी?"

"आज दुपारची."

"मग सेमिनार सकाळचा आहे. त्यांना बोलावून आण. काय सांगायचं, काय नाही, ते त्या ठरवतील."

मी घरी आले तेव्हा आत्या वेणी घालत होती. मी तिच्यासमोर ते पान फाडलं. अजून सांगते, फाडताना वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं तिला दिसलं. मग मी मॅडमचा निरोप सांगितला. "मी? कॉलेजात?" ती म्हणाली. "काय बोलू मी तिथे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्सं, ती निळी साडी नेसा." त्या साडीनेच बहुतेक निकाल लावला.

सभागृहात साठ-सत्तर माणसं असतील. पाहुणे प्राध्यापक पुढे बसलेले, मी माझा उरलासुरला निबंध पाच मिनिटांत वाचून टाकला आणि आत्याला वर बोलावलं. ती व्यासपीठावर उभी राहिली, माइककडे बघितलं, आणि तो बाजूला सरकवला. "याची गरज नाही," ती म्हणाली, आणि खरंच नव्हती. तिचा ड्यूटीवरचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ गेला. "मला भाषण येत नाही. काम येतं. ते दाखवते. दहा जण पुढे या."

आमच्या वर्गातल्या सगळ्यांना आणि मागच्या काही मुलांना तिनं खुर्च्यांवर बसवलं. तू इंदूर, तू रतलाम, तू मुंबई, हे दोघं इथल्याच फ्रीगंजचे, ही देवास गेटची. पडद्याच्या दोऱ्या सोडून तिनं त्यांचे तुकडे हातात घेतले. "आता कोणीही हात वर करा आणि सांगा कोणाशी बोलायचंय." आधी एकानं हात वर केला. "नंबर प्लीज," आत्या म्हणाली, एक टोक त्याच्या हातात, दुसरं रतलामच्या. मग दुसरीनं. मग तिघांनी एकदम. लोक ओरडायला लागले, "मुंबई! मुंबई!" आणि माझी आत्या त्या खुर्च्यांमधून निळ्या साडीचा पदर खोचून फिरत होती, दोन्ही हातांनी दोऱ्या देत होती, काढत होती, "लाइन व्यस्त है, प्रतीक्षा कीजिए," "तीन मिनिट हो गए, और बात करेंगे?", "इंदौर, उज्जैन बोल रही हूँ, जरा जल्दी, बाई रडते आहे!" शेवटचं वाक्य मराठीत निघालं तेव्हा सभागृह हसून कोसळलं. एक पाहुणे प्राध्यापक स्वतःच उठून रिकाम्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मैं भोपाल!" मी आयुष्यात शेकडो चर्चासत्रं पाहिली त्यानंतर, इतका आनंद एकात नाही पाहिला.

खाली बसल्यावर भोपाळच्या त्याच प्राध्यापकांनी विचारलं, "ताई, इतकी वर्षं लोकांचं बोलणं कानावर पडलं असेल. एखादा किस्सा?"

"ते मी सांगत नाही," आत्या म्हणाली.

ते खजील झाले. मग कुणीतरी मागून विचारलं, आता ऑटोमॅटिक येतंय, तुमचं मन खूप दुखत असेल ना? माझ्या निबंधाचा शेवट तोच होता, मी मान खाली घातली.

"दुखत?" आत्या म्हणाली. "मला त्या मशीनच्या खोलीत जायचंय! कशी करतं ते मशीन हे काम? आम्हाला विचारावं लागतं, नंबर प्लीज. त्याला न सांगता कसं कळतं? मी खात्याच्या परीक्षेचा फॉर्म मागायला गेली होती. साहेब म्हणाले, बाई, मशीन-रूम पुरुषांची असते, तुमची बदली करून टाकू लहान गावी, तिथे अजून बोर्ड आहे. मला बोर्ड नकोय. मला पुढचं बघायचंय."

घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. बाबा सभागृहात शेवटच्या रांगेत उभे होते, ते कधी आले तेही मला कळलं नव्हतं. मी तीन महिने तिच्याबद्दल लिहीत होते आणि तिला काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या वतीनं शोक करत बसले होते. गोष्टींतल्या लेखकांना नावं ठेवत मी त्यांच्याहून वेगळं काय केलं होतं? पण खरं सांगायचं तर त्या क्षणी लाजेपेक्षा मला दुसरंच काही वाटत होतं. माझा सगळा प्रबंध चुकला होता, आणि जे बरोबर होतं ते समोर निळ्या साडीत उभं होतं!

घरी येताना बाबा म्हणाले, "कुसुम, फॉर्म आण. साहेबाशी मी बोलतो."

"तू नको बोलूस दादा," आत्या म्हणाली. "मी बोलीन. शुभा अर्ज लिहील."

अर्ज लिहिला. मॅडमनी त्यातलं एकूणएक विशेषण खोडलं. "अर्जात रडायचं नाही. नियम कुठला ते लिही." नियमात कुठेही पुरुष असं म्हटलेलं नव्हतं. साहेबांनी तो दोनदा परत पाठवला, आत्यानं तिसऱ्यांदा दिला, आणि सगळ्या ऑपरेटर बायकांनी मिळून त्यांच्या टेबलाभोवती उभं राहून "नियमाचा नंबर प्लीज" असं विचारलं म्हणे, तेव्हा सही झाली.

परीक्षेला चार महिने होते. पुस्तकं इंग्रजीत, आत्याचं इंग्रजी बोर्डापुरतं. आम्ही स्वयंपाकघरातल्या जमिनीवर आकृत्या पसरायचो. वीज बाबा शिकवायचे, आणि वाचायला मी. आधी मला काहीच कळेना. मग एकदा वाटलं, ही कविता समोर ठेवली असती तर काय केलं असतं? कोण कोणाशी बोलतंय, आधी कोण बोलतं, कशाची वाट बघतं, कुठे थांबतं, हेच बघितलं असतं. तसंच वाचायला लागले. "आत्या, हे बघ, इथे माणसानं रिसीव्हर उचलला. आता हा तुकडा जागा झाला. हा पुढच्याला सांगतो आणि गप्प बसतो." आत्या बोट ठेवून पुढे जायची. "आणि हा आवाज परत पाठवतो, की मी तयार आहे, बोला! अगं, हीच तर मी! हे 'नंबर प्लीज' म्हणतंय!" तिनं जमिनीवर थाप मारली, आकृतीवर डाळीचं पाणी सांडलं. आई ओरडली. बाबा हसत होते. मशीनमध्ये माणसाच्या सवयी भरून ठेवलेल्या असतात, हे मी त्या दिवशी डाळीच्या डागाशेजारी शिकले. परवा माझी नात फोनवर रिक्षा बोलवत होती, नकाशावर एक ठिपका सरकत येत होता. मी तिला विचारलं, "त्याचं नाव काय?" तिनं बघून सांगितलं. मग मी खिडकीतून वाकून त्या रिक्षावाल्याला नावानं हाक मारली.

आत्या पास झाली. जबलपूरला ट्रेनिंगला गेली तेव्हा तिला सोडायला स्टेशनवर बोर्डाच्या सगळ्या बायका आल्या होत्या. मी प्रबंध नव्याने लिहिला. वर "मधली बाई" हेच नाव, पण आतलं प्रत्येक पान आत्यानं पत्रातून मंजूर केलेलं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं विचारलं, "यात साहित्य कुठे आहे?" मी म्हणाले, "सर, मला बघायला तिथे शिकवलं." पास केलं त्यांनी, गुण बेताचे दिले.

एक्स्चेंज बदलायचा दिवस रविवारचा, दुपारचा ठेवला होता, कारण तेव्हा फोन कमी असतात. घरच्यांना बोलावणं होतं. मी पहिल्यांदाच ते फाटक ओलांडलं. एका खोलीत जुना बोर्ड, तिथे बायका शेवटची ड्यूटी करत होत्या, दिवे लागत होते, दोऱ्या वरखाली होत होत्या. पलीकडच्या मोठ्या खोलीत नवं मशीन, लोखंडी रांगाच रांगा, माणसाच्या दुप्पट उंच, आणि एकदम मुकं. त्याच्या सगळ्या लायनींमध्ये आधीच चालू होऊ नयेत म्हणून बारीक पाचरी खोचून ठेवल्या होत्या, ओळीओळीने दोरीला बांधलेल्या. ठरल्या क्षणी जुन्या तारा कापायच्या आणि इकडे पाचरी ओढून काढायच्या. एकेका ओळीपाशी एकेक माणूस उभा होता. नववी ओळ आत्याची होती. तीच निळी साडी, वर खाकी एप्रन.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, हात खाली केला. शिट्टी वाजली. शेजारच्या खोलीत कात्र्या चालल्या, आणि ती गुणगुण, जी मी इतकी वर्षं फाटकाबाहेरून ऐकली होती, एकदम थांबली. आत्यानं दोन्ही हातांनी दोरी ओढली. पाचरी पावसासारख्या फरशीवर पडल्या. मग काहीच नाही. अख्ख्या उज्जैनमध्ये कोणी कोणाशी बोलू शकत नव्हतं. साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. आईनं माझा दंड धरला.

कुठेतरी वरच्या रांगेत टक झालं. सगळ्यांनी माना वर केल्या. टक, टक-टक-टक, एक छोटा लोखंडी हात चढला, वळला, थांबला. दुसऱ्या रांगेत दुसरा उठला. मग इकडे, मग तिकडे, मग त्या लोखंडाच्या सगळ्या खोलीभर आवाजच आवाज, एवढे की कुठला कुठला ते ओळखता येईना, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.

आत्या माझ्यापाशी धावत आली. तिचे हात काळे झाले होते, त्याच हातांनी तिनं माझे खांदे धरले. "ऐकलंस? कोणीतरी बोलतंय!"

"कोण?" मी ओरडून विचारलं.

"मला काय माहीत!" आत्या म्हणाली, आणि इतकी हसायला लागली की तिला डोळे पुसावे लागले.